संपत पैलवानाचा जंत

आधी हातातला चहा संपवा. बिस्कीट बुडवलेलं असेल तर तेही खाऊन टाका. कारण मी आता जे सांगणार आहे त्यात जंत आहे, आणि तो काही लहान नाही. मागाहून माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत.

संपला चहा? बरं.

चुका सगळेच करतात हो. पण आपली चूक मायक्रोस्कोपखाली ठेवून, चांगली मोठी करून, सगळ्या गावाला रांगेनं दाखवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आता पाहून घ्या. समोरच बसलाय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकता चिकटलो होतो. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्राध्यापक नव्हे. प्राध्यापक बेडकाविषयी बोलतात, डेमॉन्स्ट्रेटर बेडूक धरतो. पण कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात हा फरक कुणाला ठाऊक नव्हता, आणि समजावून सांगायच्या भानगडीत मीही पडलो नाही. गावातला पहिला एमएस्सी मी. सगळे मला मास्तर म्हणायचे.

अंगानं मी तेव्हा अगदी काडी. सदरा खुंटीवर अडकवावा तसा माझ्यावर अडकलेला असायचा. खाणं मात्र दणकून! मी जेवायला बसलो की आई तव्यापासून उठायचीच नाही.

"खातंय बैलागत, आन् जातंय कुठं कुणाला ठावं," ती म्हणायची. "समदं डोस्क्यालाच लागत आसंल बया."

मलाही तसंच वाटायचं. विचार करायला ताकद लागतेच की.

त्या वर्षी यात्रेला गावी निघताना कॉलेजचा एक जुना मायक्रोस्कोप परवानगी काढून बरोबर घेतला. कशाला? मिरवायला! दुसरं काय कारण असणार? लाकडी पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "काय हाय पेटीत?" म्हटलं, "मायक्रोस्कोप." तो जरा लांब सरकून म्हणाला, "चावत न्हाई न्हवं?"

गावात गेल्यावर तालमीच्या अंगणात टेबल टाकलं, आरशावर ऊन घेतलं, आणि बरोबर आणलेली काच खाली सरकवली. काचेवर पट्टकृमीचं डोकं होतं. पट्टकृमी म्हणजे तो फितीसारखा लांबलचक चपटा जंत. डोकं हे टाचणीच्या टोकाएवढं, पण मायक्रोस्कोपखाली बघाल तर रात्री दिवा मालवायची हिंमत होणार नाही. चार बाजूंना चार गोल चूषक, आणि माथ्यावर आकड्यांचा दुहेरी मुकुट.

पहिला मान वस्तादांचा. आमच्या तालमीचे वस्ताद म्हणजे तुकातात्या. मिलिटरीतनं हवालदार म्हणून पेन्शनीत आले होते. गळ्यात कायम शिट्टी, आणि गावातल्या कोणत्याही कामाचा त्यांना रिपोर्ट लागायचा. तात्यांनी एक डोळा मिटला आणि दुसरा नळीला लावला.

"आयला! चार डोळं हायती ह्येला."

"डोळे नाहीत तात्या, त्यांनी तो आतड्याला धरून बसतो."

"आन् त्वांड?"

"तोंड नसतंच."

"मग खातंय कसं?"

"अंगानं. आपण खाल्लेलं त्याच्या अंगात मुरतं. त्याला पोट नाही, आतडं नाही, काही नाही."

तात्यांनी मान वर केली. "त्वांड न्हाई, प्वाट न्हाई, आन् बसून खातंय. आपल्या सोसायटीवर निवडून याला पायजे ह्यो."

सगळे हसले. मग एकेकानं डोळा लावला. कुणी "इठ्ठल इठ्ठल" म्हणालं, कुणी पोटावरनं हात फिरवला. मी हातात छडी घेऊन व्याख्यान ठोकलं. हा डुकराचं अर्धंकच्चं मटण खाल्ल्यानं होतो, म्हटलं. काही अडाणी लोकांना शिजेपर्यंत दम निघत नाही, त्यांच्या पोटात हा जातो, म्हटलं. हे सगळं मी खणखणीत आवाजात सांगितलं. तिथं हजर असलेले लोक पुढं बरीच वर्षं मला त्याची आठवण करून द्यायचे.

गर्दी पांगल्यावर तात्यांनी मला बाजूला घेतलं.

"वसंता, जरा संपत्याचं बग की रं."

संपत म्हणजे आमच्या गावचा पैलवान. माझ्याच वयाचा, शाळेत माझ्याच बाकावर बसलेला. जन्मापासनं शाकाहारी आणि गळ्यात माळ. अंड्याचं टरफल दिसलं तरी वाट बदलणारा माणूस. नुकतं लग्न झालेलं, बायको पारू पोटुशी होती. यात्रेच्या मैदानात त्याची कुस्ती ठरली होती मलकापूरच्या शिवा पैलवानाशी. आदल्या यात्रेत ह्याच शिवानं त्याला आभाळ दाखवलं होतं. संपतच्या थोरल्या भावानं, म्हणजे ईश्वरानं, यंदा चारचौघांत सांगून टाकलं होतं, हरला तर त्याच्या खुराकासाठी बांधलेली म्हैस बाजारात, आणि पैलवान उसाच्या बैलगाडीवर.

"दूध पितूय, तूप पितूय, बदाम खातूय," तात्या म्हणाले. "आन् अंगाला काय बी न्हाई! गेल्या साली लांग-लंगोट लावून उबा ऱ्हायला तर खांब दिसायचा. औंदा नुसती लांगच दिसती."

मला लगेच वास लागला. भरपूर खाणारा आणि तरी वाळत चाललेला माणूस! पुस्तकातलं लक्षणच की हे!

"तात्या, नमुना लागेल," मी गंभीरपणे म्हणालो.

"कसला नमुना?"

मी सांगितलं. तात्यांनी शिट्टी वाजवली आणि संपतला बोलावून ऑर्डर दिली. तो आभाळाएवढा गडी लाजून लालबुंद झाला.

"मास्तर, दुसरं काय बी मागा," तो म्हणाला. "म्हस मागा."

पण वस्तादांपुढं कुणाचं चालतंय? सकाळी त्यानं रुमालात गुंडाळून एक चुन्याची डबी आणून दिली. ती डबी मुळात कुणाची होती, ही चौकशी तालमीत बराच काळ चालू होती.

आता नीट ऐका. शास्त्रात एक पद्धत असते. रोगी माणसाचा नमुना बघताना शेजारी निरोगी माणसाचाही नमुना ठेवायचा, म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. निरोगी माणूस शोधायला मला लांब जायची गरज नव्हती. मीच होतो. दोन काचा तयार केल्या. तात्या शेजारी खुर्चीत ठाण मांडून बसले होते, आणि त्यांना चष्म्याशिवाय वाचता यायचं नाही, म्हणून मी काचेवर लिहायच्या मेणाच्या पेन्सिलीनं चित्रंच काढली. संपतच्या काचेवर गदा. माझ्या काचेवर पुस्तक.

आधी गदा लावली. सगळं साफ! डाळीची सालं, ज्वारीचा कोंडा, बाकी काही नाही. मी जरा हिरमुसलोच.

मग पुस्तक लावलं. आणि काय सांगू, अंडीच अंडी! गोल, तपकिरी, जाड कवचाची, कवचावर आडव्याउभ्या बारीक रेघा, आणि आत बारके बारके आकडे. पुस्तकात चित्र बघावं इतकी स्वच्छ. नजर जाईल तिकडं पट्टकृमीची अंडी.

पुस्तकाच्या काचेवर!

तुमच्यापैकी कुणी तिथं असता तर घाबरला असता. मी नाही घाबरलो. मला क्षणात उलगडा झाला. मी गडबडीत गदा भलत्याच काचेवर काढली होती! अहो, होतं असं कामाच्या नादात. नाहीतर एमएस्सी झालेल्या माणसाच्या पोटात जंत कशाला जाईल?

मी अंगठा थुंकीनं ओला केला, दोन्ही काचांवरची चित्रं पुसली आणि अदलाबदल करून पुन्हा काढली.

तात्या बघत होते. "वसंता, गदा त्या काचंवर हुती न्हवं?"

"नव्हती, तात्या."

"म्या बगितली की."

"चष्मा होता का तात्या डोळ्यांवर?"

तात्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. मी मायक्रोस्कोपवरनं मान उचलली आणि निकाल दिला, "संपतच्या पोटात पट्टकृमी आहे."

"आरं पर त्यो माळकरी हाय! डुक्कर सोड, त्येनं कवा कोंबडीचा रस्सा हुंगला न्हाई."

इथं तरी थांबावं की नाही मी? पुस्तकात कुठंही असं लिहिलेलं नव्हतं की माळकऱ्याला हा जंत होतो. म्हणजेच हा नवा शोध होता! माझ्या डोळ्यांपुढं लेखाचं शीर्षक नाचायला लागलं. 'शाकाहारी मल्लाच्या आतड्यातील पट्टकृमी, एक दुर्मिळ प्रकरण', आणि खाली माझं नाव. मी तात्यांना म्हटलं, "शास्त्र पुढं जात असतं, तात्या."

शास्त्राचं काय झालं ते नंतर बघू. बातमी मात्र पुढं गेली. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं की संपत पैलवानाच्या पोटात चार डोळ्यांचं, मुकुट घातलेलं काहीतरी आहे. पोरंसोरं त्याच्या मागनं फिरायला लागली. म्हाताऱ्या बाया त्याच्या पोटाला कान लावून "ऐकाय येतंय, ऐकाय येतंय" म्हणाल्या. तालमीतले जोडीदार त्याच्याशी लढत करायला टाळाटाळ करू लागले. एकजण म्हणाला, आवळून धरल्यावर तोंडातनं बाहेर आलं तर काय करायचं?

आणि संध्याकाळी ईश्वरानं घोषणा केली, "खुराक बंद!"

"अहो, कुस्ती तोंडावर आलीय," मी म्हटलं.

"मग? त्या जंताला बदाम घालू व्हय? दूध त्यो पिणार, तूप त्यो खाणार, आन् आमी शेणघाण काढायची! आदी त्यो भाईर काडा. तवर एक थेंब मिळायचा न्हाई."

संपतचा चेहरा असा पडला, असा पडला, की मला वाटलं, गडी जिवाला घाबरला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "घाबरू नको. मी आहे ना," म्हटलं. त्यानं माझ्याकडं जे बघितलं ते मला आजही आठवतं.

औषध सोपं होतं. लाल भोपळ्याच्या बिया सोलून, वाटून, गुळात कालवून उपाशीपोटी खायच्या. थोड्या वेळानं वर एरंडेल. जंताला गुंगी येते आणि तो आतड्याची पकड सोडतो. आईनं परडीभर बिया सोलल्या, पाट्यावर वाटल्या. यात्रेच्या आदल्या दिवशी, दिवस उजाडताच मी वाडगा घेऊन तालमीत हजर झालो. संपतनं हात पुढं केला, तोच तात्यांनी मध्ये काठी घातली.

"थांब. देणाऱ्यानं आदी खायाचं."

"म्हणजे?"

"तालमीचा रिवाज हाय. कुस्ती ठरली म्हंजी पैलवानानं कुणाच्या हातचं तसंच खायाचं न्हाई. कोण काय घालंल भरवसा न्हाई. देणाऱ्यानं पैल्यांदा खायाचं, पैलवानाएवडंच खायाचं, मग पैलवानानं."

"तात्या, अहो मी! मी कशाला काय घालीन?"

"तू मास्तर आसशील न्हाईतर कलेक्टर आसशील. रूल म्हंजी रूल."

खाल्लं. काय करतो? निम्मा वाडगा माझा, निम्मा संपतचा. चवीला वाईट नव्हतं. मग एरंडेल आलं. तिथंही रूल म्हंजी रूल. एरंडेलाची चव मी तुम्हाला सांगत नाही, तुम्ही नुकताच चहा घेतलाय.

त्यानंतरचं दृश्य डोळ्यांपुढं आणा. गावाबाहेर ओढा. ओढ्याच्या काठी घाणेरीची दोन मोठी झुडपं. एका झुडपामागं टमरेल घेऊन संपत पैलवान, दुसऱ्यामागं टमरेल घेऊन मी. अलीकडं रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर शिट्टी घेऊन तुकातात्या, आणि त्यांच्या मागं ईश्वरा धरून निम्मं गाव. यात्रेला आलेले पाहुणेसुद्धा आले होते, करमणूक म्हणून.

शिट्टी वाजायची. "रिपोर्ट!"

"न्हाई, वस्ताद!" संपत झुडपाआडून सांगायचा.

जरा वेळ गेला की पुन्हा शिट्टी. "रिपोर्ट!"

"न्हाई, वस्ताद!"

मला कुणी रिपोर्ट मागत नव्हतं. मी आपला तात्यांच्या रूलमुळं आणि एरंडेलाच्या कर्मानं तिथं आलो होतो. आणि अशातच, काय सांगू तुम्हाला, मला काहीतरी वेगळंच जाणवलं. मी खाली बघितलं. मग डोळे मिटले. मग परत बघितलं.

पांढरी फीत. चपटी, पेरापेरांची. संपता संपेना! मायक्रोस्कोप लागत नव्हता. एमएस्सीसुद्धा लागत नव्हती.

आणि त्या झुडपामागं उकिडवा बसल्या बसल्या मला कोयनानगर आठवलं. कॉलेजात असताना आम्ही मित्र तिथल्या धरणाच्या वसाहतीत एकाकडं गेलो होतो. कुणीतरी रानडुकराचं मटण आणलं. बाहेर पाऊस, लाकडं ओली, विस्तव धरेना. वरनं जरा करपल्यासारखं झालं आणि आम्ही तुटून पडलो. शिजेपर्यंत दम निघाला नाही.

लोकांना आता काय सांगायचं? छडी घेऊन केलेलं ते व्याख्यान! तो अडाणी लोकांचा उल्लेख!

तेवढ्यात शेजारच्या झुडपातनं दबका आवाज आला. "मास्तर."

"काय?"

"मला जंत न्हाई ओ."

तो बोलत राहिला. "म्या खुराक निम्मासुदीक खात न्हाई. पारूला देतू. आमच्यात सुनंला दूध द्यायची रीतच न्हाई. आय म्हंती, म्हशीचं दूध पैलवानाचं. मग तिच्या पोटातल्या जिवाला काय, भाकरीचा कोर? म्हून म्या तांब्या घिऊन परसात जातू आन् तिला पाजतू. बदाम लांगंत लपवून नेतू."

"अरे मग सांगायचं नाही का!"

"कसं सांगू? तालमीत कळलं तर बाईलवेडा म्हून टाळ्या पिटत्याल. वस्ताद आखाड्यात पाय ठिवू द्यायचं न्हाईत. आन् आता तुमच्यापायी खुराकच बंद! तीन जिवांचं दूध तोडलंसा मास्तर तुमी." त्यानं नाक ओढलं. "जंत न्हाईच तर पडंल कुठनं? न्हाई पडला तर दादा थेंब द्यायचा न्हाई. कुस्ती गेली, म्हस गेली, आन् ती बिचारी ऱ्हायली उपाशी."

मला खरंच गलबलून आलं हो. एवढा मोठा गडी, झुडपात बसून रडवेला झालेला, आणि सगळं माझ्या अंगठ्याच्या थुंकीमुळं!

मी म्हटलं, "संपत, जंत पडलाय."

"कुठं?"

"माझ्या इथं."

तिकडं टमरेल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग संपत अगदी हळू, गुळासारख्या आवाजात म्हणाला,

"मास्तर, मला द्या."

"काय?"

"त्यो जंत मला द्या. तुमची बी अब्रू ऱ्हाईल, माजी बी ऱ्हाईल. जंत पडला की खुराक चालू."

शिट्टी वाजली. "रिपोर्ट!"

मी एक काटकी घेतली. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की दोन झुडपांमध्ये कुणाला दिसणार नाही अशी जागा होती, आणि इतक्या काळजीनं मी आयुष्यात कुठलीच वस्तू कुणाला दिली नाही.

"आला, वस्ताद!" संपत गरजला. "आला!"

मोरीवर एकच आरडाओरडा झाला. कुणी टोपी उडवली. तात्यांनी तिथंच मला कडक सॅल्यूट ठोकला. मी टमरेल डाव्या हातात घेऊन उभा होतो. उजव्या हातानं उलट सॅल्यूट केला. दुसरं काय करणार?

आईनं लोणच्याची एक रिकामी बरणी दिली. जंत मिठाच्या पाण्यात घालून तालमीच्या कोनाड्यात ठेवला. देवाला निघालेली माणसं आधी त्याचं दर्शन घ्यायची. बरणीशेजारी हात बांधून मी उभा. खुराक त्याच दुपारी चालू झाला, आणि ईश्वरानं खुशीत येऊन दुप्पट केला. संपतनं मला नुसती मान हलवून खूण केली. तांब्या परसात पोचला होता.

पण एका दिवसाच्या दुधानं काय होतंय? त्यात एरंडेल! दुसऱ्या दिवशी संपत मैदानात उतरला तेव्हा त्याचे पाय मला लटपटताना दिसले. समोर शिवा, ताज्या तुपात तळल्यागत. मी मनातल्या मनात म्हैस विकली.

आणि सलामी झाल्यावर एक नवल घडलं. शिवा अंगाला अंग लावेना! आमच्या संपतची कीर्ती मलकापूरपर्यंत जाऊन आली होती, आणि वाटेत प्रत्येक गावानं जंताची लांबी आपापल्या परीनं वाढवली होती. संपत पुढं सरकला की शिवा मागं. संपतनं मानेवर हात टाकला की शिवा सापाला झटकावं तसा झटकायचा. आखाड्याचा सगळा हौद फिरून झाला, नुसती हातझटापट.

पंच ओरडले, "आरं भीड की! लांबनं काय वळखपाळख काढतूयास?"

शिवा तिथनंच ओरडला, "आदी त्येला इचारा, पोटात आजून किती हायती!"

लोक खदखदून हसले. हे सांगायला त्यानं मान वळवली, तेवढ्यात संपत खाली गेला आणि त्याचे दोन्ही पाय ओढून त्यानं पट काढला. शिवानं एरवी तो सहज सोडवला असता. पण सोडवायचं तर मिठी मारायला लागते, आणि ती मारायची की नाही हा विचार करण्यात त्याचा क्षण गेला. पाठ मातीला लागली. चितपट!

फेटे उडाले, हलगी कडाडली. ईश्वरानं संपतला खांद्यावर घेतलं. लाउडस्पीकरवरनं माझं नाव पुकारलं, "ज्यांच्या विद्वत्तेमुळं आपला पैलवान मोकळा झाला," असं म्हणून मला नारळ दिला, फेटा बांधला आणि हातात बरणी देऊन फोटो काढला. तो फोटो अजून घरात आहे. मी कुणाला दाखवत नाही.

शोधाचा तो लेख मात्र मी पाठवला नाही. प्रकृती बरी नाही असं कॉलेजातल्या साहेबांना सांगितलं. खरं तर इतकी बरी ती आयुष्यात कधी नव्हती.

पुढं उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आलो तेव्हा संपतच्या मुलाचं बारसं होतं. पोरगं काय सांगू तुम्हाला, लोण्याचा गोळा! मनगटाला वळ्या, गाल असे की डोळे उघडायला जागा नाही. जेवणं झाली. ओसरीवर आमची आई, तुकातात्या, संपत आणि मी असे बसलो होतो. पाळण्यातलं पोर तात्यांच्या मांडीवर होतं. तात्यांनी त्याला हातात तोललं.

"लय वजनदार हाय गड्या! आईच्या पोटातनंच खुराक खाऊन आलंय जणू."

संपतनं घाईघाईनं मान खाली घातली. तात्यांनी त्याच्याकडं बघितलं. तो होता तसाच होता, तसूभरही जाड झालेला नव्हता.

इतक्यात आमच्या आईला काय वाटलं कोण जाणे, तिनं माझा सदरा बगलेत ओढून बघितला.

"बगा की तात्या, ह्येचे समदे सदरे म्या उसवून ढिले करत बसलीया," ती म्हणाली. "निम्मं बी जेवत न्हाई आता, आन् अंग धरलंय कसं! जंत पडला संपतचा, आन् बाळसं आलंय आमच्या वसंताला."

तात्यांनी बाळाकडं बघितलं. मग संपतकडं. मग माझ्याकडं, अगदी वरपासून खालपर्यंत, भरतीला आलेल्या पोराला बघावं तसं. त्यांनी बाळ हलक्या हातानं संपतच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्या पाठीवर एक थाप मारली. त्याला एका शब्दानंही काही विचारलं नाही.

माझ्याकडं वळले.

"वसंता. रिपोर्ट."

मी उभा राहिलो. आपोआपच राहिलो.

"त्या दिशी काचंवर गदा काडली हुतीस. ती पैल्यांदा जिथं हुती तिथंच बराबर हुती न्हवं?"

"हो, तात्या."

"आन् पुस्तक?"

"पुस्तकही."

"मग खोडलंस कशापायी?"

मी खाली बघून म्हटलं, "एमएस्सी झालो होतो ना, तात्या."